विकी कपाटात का झोपायची?

सांगलीच्या गावभागात आमच्या वाड्यात केबल आली ती नव्वदच्या दशकात. वाड्यातली आठ-दहा पोरं एकाच टीव्हीपुढं मांडी घालून बसायची आणि स्टार प्लसवर हिंदीत ‘स्मॉल वंडर’ बघायची. लॉसन नावाचा इंजिनिअर विकी नावाची यंत्रमुलगी घडवतो आणि ती दत्तक घेतलेली पोरगी आहे असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो. विकी घरकाम करते, जड वस्तू एका हातानं उचलते, सांगितलेलं शब्दशः करते आणि त्यातून सगळ्यांची फजिती होते. काम संपलं की ती लॉसनच्या मुलाच्या, जेमीच्या, खोलीतल्या कपाटात जाऊन उभी राहते. दार बंद.

आम्ही पोट धरून हसायचो. कपाटाचं कुणाला काही वाटलं नाही. परवा पोरीला यूट्यूबवर त्यातला एक भाग दाखवला. तीही हसली. अडखळलो मी. हे घर चांगलं आहे, माणसं प्रेमळ आहेत, आणि तरीही जी मुलगी म्हणून जगासमोर मिरवली जाते तिला रात्री कोट-पँटच्या रांगेत उभं केलं जातं. विकी यंत्रच आहे, तिला काय फरक पडतो? हे उत्तर माझ्याकडंही तयार होतं. पण ते इतकं पटकन का सुचलं, हा विचार काही डोक्यातून जाईना.

माणसासारख्या दिसणाऱ्या, बोलणाऱ्या यंत्राला अँड्रॉइड म्हणतात (आपल्या खिशातला फोन नव्हे, तो शब्द फोनवाल्यांनी नंतर उचलला). त्याच्याशी माणसानं कसं वागावं, हा प्रश्न टीव्हीवरच्या विज्ञानमालिका साठ-पासष्ट वर्षं चघळत आल्या आहेत. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हाच विषय वाचायला घेतला की दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. मालिकेत तो कोर्टात उभा राहतो, स्वयंपाकघरात भांडी घासतो, तुरुंगात मार खातो. म्हणून तिकडूनच जाऊ.

आधी मूळ अडचण. माझी दाढ दुखते ते मला आतून कळतं. तुमची दुखते ते मला फक्त बाहेरून कळतं. तुम्ही गाल धरता, कण्हता, डॉक्टरकडं जाता. त्यावरून मी ताडतो, कारण तुमची घडण माझ्यासारखीच आहे. प्रत्यक्ष तुमचं दुखणं कधीच कुणाला दिसत नाही. माणसामाणसांत हा अंदाज आपण इतक्या सहज करतो की तो अंदाज आहे हेच विसरतो. यंत्र गाल धरून कण्हायला लागलं की मात्र तो उघडा पडतो. लक्षणं सगळी आहेत, पण घडण आपल्यासारखी नाही. मग आत कुणी आहे का नाही?

जनावरांच्या बाबतीत हा वाद आधी होऊन गेलाय. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या विचारात जनावर म्हणजे चावीवर चालणारं यंत्र होतं. 1789 मध्ये जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंतानं प्रश्नच बदलला. त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका. त्यांना यातना होतात का, एवढंच विचारा, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा याच वाटेनं जातो. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याच्या दुरुस्त कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली नऊ वर्षं आपल्या सांगली-सातारा पट्ट्यात पारावर याशिवाय दुसरा विषय नव्हता. दोन्ही बाजू खूप बोलल्या, पण बैलाला दुखतच नाही असं म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. भांडण होतं ते किती दुखतं आणि कशासाठी, यावर. अँड्रॉइडच्या बाबतीत आपण त्या पायरीपर्यंतही पोचलेलो नाही.

या विषयावरचा टीव्हीवरचा सगळ्यात गाजलेला खटला फेब्रुवारी 1989 चा. मालिका ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’, भागाचं नाव ‘द मेजर ऑफ अ मॅन’. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेली बाई, त्यामुळं युक्तिवादाला धार आहे.

डेटा हा अंतराळ ताफ्यातल्या एका यानावरचा अधिकारी अँड्रॉइड आहे. मॅडॉक्स नावाचा शास्त्रज्ञ येतो. त्याला डेटाचे भाग सुटे करून बघायचेत, म्हणजे तसले आणखी शेकडो बनवता येतील. परत नीट जोडता येईल याची हमी नाही. डेटा म्हणतो, मग मी नोकरीचा राजीनामा देतो. मॅडॉक्स म्हणतो, राजीनामा माणूस देतो, हा तर ताफ्याची मालमत्ता आहे. जहाजातल्या कॉम्प्युटरनं दुरुस्तीला नकार दिला तर ऐकून घ्याल का?

आता गंमत बघा. सुनावणी घ्यायची तर ताफ्याच्या बाजूनं बोलायला वकील नाही. न्यायाधीश बाई डेटाचा सहकारी रायकर याला सांगतात, तू उभा राहा, आणि मनापासून भांडायचं नसेल तर मी आत्ताच निकाल देते की डेटा हा टोस्टर आहे. ब्रेड भाजायचं यंत्र. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं पुन्हा भेटेल.

रायकर बिचारा मित्राला वाचवण्यासाठीच मित्राविरुद्ध भांडतो. डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, आणि शेवटी त्याच्या पाठीवरचं बटण दाबतो. डेटा पुढच्या पुढं कोसळतो. दोऱ्या तुटलेली बाहुली, असं रायकर म्हणतो. सांगलीत जन्मलेल्या माणसाला इथं विष्णुदास भावे आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1843 मध्ये इथं ‘सीतास्वयंवर’ उभं करणाऱ्या भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. बाहुली कितीही जिवंत वाटली तरी सूत्रधार कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, म्हणून ती पडली तरी कुणी हळहळत नाही. डेटा पडला तेव्हा मात्र मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो. त्याची सूत्रं कुणाच्या हातात होती?

बचावाला असलेला कॅप्टन पिकार्ड खचतो. मधल्या सुटीत यानावरची गायनन त्याच्याशी बोलते. ही भूमिका केली आहे व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं, आणि पुढचं बोलणं तिच्या तोंडी असण्याला अर्थ आहे. तिचा मुद्दा साधा आहे. एका डेटाचं सोड. हजारो डेटा बनले तर काय होईल? जगाच्या इतिहासात घाणेरडी, कष्टाची, नकोशी कामं करायला कायम कुणीतरी ठेवलेलं असतं, ज्याच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही. पिकार्डला शब्द सापडतो: गुलामगिरी.

सुनावणी पुन्हा सुरू होते तेव्हा पिकार्ड डेटाच्या बॅगेतल्या वस्तू काढतो. पदकं, पिकार्डनंच भेट दिलेलं पुस्तक, आणि वारलेल्या एका सहकारी बाईची छोटी प्रतिमा. ही कशाला जपलीस? ती माझ्यासाठी खास होती, डेटा सांगतो. मग पिकार्ड मॅडॉक्सकडं वळतो. जाणीव असणारा जीव म्हणजे काय? मॅडॉक्स तीन कसोट्या सांगतो: बुद्धी, स्वतःचं भान, जाणीव. पहिल्या दोन डेटाकडं आहेत हे मॅडॉक्सला कबूल करावं लागतं. तिसरी आहे की नाही हे सिद्ध करून दाखवा, पिकार्ड म्हणतो, आणि जमलं तर माझीही दाखवा.

निकाल काय लागतो हे महत्त्वाचं. डेटाला आत्मा आहे असं न्यायाधीश म्हणत नाहीत. त्या म्हणतात, मला माहीत नाही. मला स्वतःला आहे का तेही माहीत नाही. पण तो शोध घ्यायचं स्वातंत्र्य त्याला असायला हवं. माझ्या मते या विषयावर टीव्हीनं केलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. आत कुणी आहे का, हे ठरत नसतानाही कसं वागायचं ते ठरवता येतं, हे त्या एका निकालात आहे. शंका असेल तर फायदा कुणाला द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. आणि शंकेचा फायदा जो मालक आहे त्यानं स्वतःच घेतला, तर तो निकाल नव्हे, सोय झाली.

‘रोबॉट’ हा शब्दच मुळात या सोयीतून आलाय. 1920 मध्ये कारेल चापेक या चेक लेखकानं नाटकात तो पहिल्यांदा वापरला. सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करायची कामं. मराठीत याला नेमका शब्द आहे: वेठ. आपल्या संविधानाच्या कलम 23 मध्ये ती बंद करावी लागली आणि 1976 मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे ती किती मुरलेली होती ते बघा. साताऱ्याच्या ज्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं गेलं, त्या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसानं पुढं महारवतनाविरुद्ध, म्हणजे गावाच्या हक्काच्या वेठीविरुद्ध, मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. वर्ष 1928. चापेकच्या नाटकानंतर अवघी आठ वर्षं. तिकडं यंत्राला वेठीवरून नाव मिळालं आणि इकडं वेठ करणारी माणसं माणूस म्हणून मोजली जावीत यासाठी भांडत होती.

मोजण्यावरून आठवलं. आमच्याकडं दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमानं किती कोयते आणले, एका कोयत्याला उचल किती दिली, यंदा किती कोयते पळाले. मी लहानपणापासून हे ऐकतोय आणि खरं सांगतो, कोयता पळत नाही, माणूस पळतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते आलं एक अमेरिकन मालिका बघताना.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ (2004 ते 2009). माणसांनीच बनवलेले सायलॉन उलटतात, बारा वसाहती अणुबॉम्बनं बेचिराख करतात, सुमारे 50 हजार माणसं जहाजांत बसून पळतात. सायलॉनचे काही नमुने आता हुबेहूब माणसासारखे आहेत. माणसं त्यांना काय म्हणतात? टोस्टर. तोच शब्द. इथली माणसं साधीसुधी मालक नाहीत, त्यांचं सगळं जळालंय, त्यामुळं त्यांचा राग पटतो. आणि म्हणूनच ही मालिका जास्त टोचते. एका भागात स्टारबक ही वैमानिक पकडलेल्या लिओबेन नावाच्या सायलॉनची चौकशी करते. बॉम्ब कुठं ठेवलाय हे वदवून घ्यायला त्याचं डोकं पाण्यात बुडवते, पुन्हा पुन्हा. समर्थन हेच, की हे यंत्र आहे.

आता हा तर्क क्षणभर उलटा करून बघा. टोस्टरला बुडवून कुणी माहिती काढतं का? छळ करायचा म्हणजे समोरच्याला दुखतं हे आधी मानावंच लागतं. हात मानतो, तोंड नाकारतं. शेवटी लिओबेनला यानाच्या दारातून अवकाशात फेकून देतात आणि स्टारबक एकटी बसून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. जो नाहीच असं ती दिवसभर म्हणत होती, त्याच्यासाठी.

‘वेस्टवर्ल्ड’मध्ये (पहिला हंगाम 2016) छळाला तिकीट आहे. श्रीमंत लोक पैसे भरून एका बागेत येतात, तिथल्या अँड्रॉइडना मारतात, बलात्कार करतात. रात्री कर्मचारी त्यांना दुरुस्त करतात, स्मृती पुसतात, सकाळी परत उभे करतात. त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एक कर्मचारी उघड्या बसवलेल्या अँड्रॉइडच्या अंगावर कापड टाकतो. बागेचा निर्माता फोर्ड ते बघून चिडतो. त्याला थंडी वाजत नाही, लाज वाटत नाही, मग झाकलं कशाला? असं म्हणून तो कापड ओढतो आणि अँड्रॉइडच्या चेहऱ्यावर सुरी चालवून दाखवतो. कापड टाकणाऱ्यानं कुठला सिद्धांत मांडला नव्हता. उघडं शरीर दिसलं, हात आपोआप गेला. फोर्डला भीती त्या हाताची आहे.

इथं कांट हा जर्मन तत्त्वज्ञ कामाला येतो. त्याच्या मते जनावरांप्रती आपलं थेट कर्तव्य काही नाही. पण जो जनावराशी क्रूर वागतो तो माणसांशीही निबर होत जातो, म्हणून तसं वागू नये. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाहीच, तुमचा आहे. बऱ्याच लोकांना हे उत्तर आवडतं, कारण त्यात यंत्राच्या आत डोकवावं लागत नाही. मला ते अर्धंच पटतं. आमच्या गल्लीतली पोरं मोबाइलवर दिवसाला पन्नास माणसं मारतात आणि आजीला हात धरून रस्ता ओलांडून देतात. दुसरं म्हणजे, गुलामाला मारू नका कारण मालकाचा स्वभाव बिघडतो, असं कुणी म्हणालं तर आपण त्याला मुद्दा चुकला म्हणू.

तरी हात अडखळतो हे खरं. 2013 मध्ये केट डार्लिंग या संशोधिकेनं एका कार्यशाळेत लोकांना प्लिओ नावाचे खेळण्यातले डायनासोर दिले. त्यांना नावं ठेवा, खेळवा. तासाभरानं सांगितलं, आता यांना मारा. कुणी तयार होईना. शेवटी, एकानं एक तोडला नाही तर सगळेच तोडू, अशी धमकी दिल्यावर एका माणसानं कुऱ्हाड उचलली. बॅटरीवर चालणारं, हिरवट रबराचं खेळणं. सगळ्यांना ते माहीत होतं.

घरातला अँड्रॉइड हा प्रकार मात्र आपल्याला जवळचा. ‘ह्यूमन्स’ ही 2015 ची ब्रिटिश मालिका, मूळ स्वीडिश मालिकेवरून केलेली. बायको बाहेरगावी असताना जो हॉकिन्स नावाचा गृहस्थ घरकामाला अनिता नावाची ‘सिंथ’ आणतो. ती सगळं करते, कधी दमत नाही, कधी उलट बोलत नाही. बायको लॉरा अस्वस्थ होते. कुणाला वाटेल मत्सर. पण आपल्या घरात कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवणारे आणि तो वेगळा ठेवलेला बघून गप्प राहणारे, दोघांनाही लॉराची अस्वस्थता ओळखीची वाटेल.

पुढं जो हॉकिन्स अनिताच्या सेटिंगमधला प्रौढांसाठीचा पर्याय चालू करतो आणि तिच्याशी शरीरसंबंध ठेवतो. यंत्राशी संमतीचा प्रश्न कुठला, असं तेव्हा त्याला वाटतं. नंतर उलगडतं की अनिताच्या आत मिया नावाची जाणीव असलेली एक व्यक्ती दाबून टाकलेली होती आणि जे झालं ते तिला कळत होतं. आता जो हॉकिन्स गुन्हेगार का? त्याला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायचा प्रयत्न त्यानं केला नव्हता, आणि न करण्यात त्याचा फायदा होता. या एका गुंत्यावर मी बायकोशी दोन रात्री वाद घातलाय. ती म्हणते, तो पर्याय बनवून विकणारी कंपनी आधी. मी म्हणतो, बटण दाबणारा आधी. जमलेलं नाही.

त्याच सुमारास, 2016 मध्ये, आपल्याकडं लाइफ ओकेवर ‘बहू हमारी रजनीकांत’ लागायची. घरात सून म्हणून रोबॉट. सगळा विनोद यावर, की आदर्श सून आणि हुकूम पाळणारं यंत्र यात सासरच्यांना फरकच कळत नाही. विनोदी मालिका होती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. यंत्राला हक्क म्हणजे वेडेपणा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा देवस्थान इनामाचा सातबारा बघावा. खातेदाराच्या रकान्यात देवाचं नाव असतं. मूर्ती ही कायद्यानं व्यक्ती आहे. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टानं, हे स्पष्ट सांगितलंय. कंपनीही व्यक्ती आहे. म्हणजे कायद्यातली व्यक्ती व्हायला श्वास लागत नाही, आत्मा लागत नाही. लागतो तो देवाच्या वतीनं सही करणारा माणूस. आणि तो माणूस कुणाचं हित बघतो, यावर कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. उद्या एखाद्या यंत्राला कुणी व्यक्ती ठरवलंच, तर त्याच्या वतीनं बोलणार ते विकणारी कंपनी. कंपनीवरचा दोष झटकायला ते कागदावरचं माणूसपण फार सोयीचं पडेल. ही भीती मला विज्ञानकथेतली वाटत नाही.

आपल्याकडं तिसरी एक वाट आहे असं काहीजण सांगतात. खंडेनवमीला कुपवाडच्या एमआयडीसीत लेथला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, त्या दिवशी मशीन बंद. बेंदराला बैलाला पुरणपोळी. मिरजेत सतारीला पाय लागला तर कारागीर हात लावून नमस्कार करतो. हक्काची भाषा नाही, पण मान आहे. मला हे सगळं मनापासून आवडतं. फक्त एक आठवण ठेवावी लागते: औजाराला हळदकुंकू वाहणाऱ्या याच गावांनी माणसांकडून वेठ करून घेतली, आणि बेंदराच्या दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा चाबकाखाली असतो. पूजा वर्षातून एकदा, काम उरलेले दिवस.

डेटाचा खटला जिंकल्यावर प्रश्न मिटला का? पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, डेटा स्वतः एक मुलगी घडवतो. तिचं नाव लाल. हिंदीत लाडकं या अर्थानं, असं मालिकेतच सांगितलंय. ताफ्याचा अधिकारी तिला प्रयोगशाळेत न्यायला येतो. पुन्हा तोच वाद, जणू निकाल लागलाच नव्हता. एकाला माणूस मानलं म्हणून त्याच्या जातकुळीतल्या दुसऱ्याला मानतातच असं नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि खटल्यानंतर 31 वर्षांनी, 2020 च्या ‘स्टार ट्रेक: पिकार्ड’मध्ये, गायननची ती भीती खरी झालेली दिसते. मंगळावरच्या जहाजबांधणी तळावर मजुरीला सिंथ ठेवलेत, एकाच साच्यातले, नावाऐवजी नंबर. दुसरा भाग उघडतो तो सणाच्या दिवशी, पण ज्यांची ड्यूटी आहे ते कामगार कुरकुरत येतात. ते वाईट नाहीत, तुमच्या-माझ्यासारखेच आहेत. थट्टामस्करी चाललीय. एक जण जाऊन दार उघडतो. आत, अंधारात, सिंथ रांगेनं उभे आहेत. त्यातला एफएट (F8) नावाचा बाहेर येतो आणि कामाला लागतो.